उलट्या लवेचा पडदा

आमच्या शेजारचे मास्तर माणसाकडे बघत नाहीत, त्याचं माप घेतात. जिन्यात भेटले की नजर आधी खांद्यावर, मग कमरेवर, मग घोट्यावर, आणि वेळ उरलाच तर तोंडावर. मी या मजल्यावर राहायला आले, तेव्हा दोन्ही हातांत सामान घेऊन धापा टाकत उभी होते. ते मला म्हणाले, "वहिनी, तुमचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली उतरलाय. जड पिशवी हात बदलून धरत जा." माझा डावा खांदा नक्की कुठे आहे याची चौकशी माझ्या नवऱ्याने लग्नापासून एकदाही केलेली नव्हती. त्या दिवसापासून मी मास्तरांना भावजी म्हणते, आणि भावजींची थट्टा करायचा वहिनीला जो जन्मसिद्ध परवाना असतो तो पुरेपूर वापरते.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. अंगणापलीकडे शिवणाचा कारखाना आहे, तिथले कटिंग मास्तर. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी कारखान्याच्या मोठ्या खिडकीच्या बरोबर समोर येते. इतरांच्या घरी टीव्ही असतो, माझ्याकडे ही खिडकी आहे, आणि तिच्यात मध्येमध्ये जाहिराती लागत नाहीत.

आत मशीनच्या रांगा, मशीनवर बायका, आणि टोकाला कापड कापायचं लांबलचक टेबल. टेबलामागे फळ्या ठोकून केलेला चौथरा. त्यावर मास्तर उभे राहायचे, म्हणजे सगळ्यांची डोकी त्यांना वरून दिसायची. तिथला नियम एकच आणि तो कुठे लिहिलेला नव्हता: कात्री उघडली की तोंडं बंद. मास्तरांनी कापडावर खडूची रेघ मारून कात्री हातात घेतली, की मशीनसुद्धा थांबायची. शिंक आलीच तर बाई नाक दाबून अंगणात पळायची. टेबलावरून जे खाली येतं ते कापड, आणि खालून टेबलावर जातो तो फक्त चहा. शब्द वर जात नाही. काज-बटणाच्या मशीनवर एक तोंडाळ बाई आहे, तिला सगळे काजवाली म्हणतात. तीच एकदा म्हणाली होती, "मास्तरांशी बोलायचं असेल तर आधी कप व्हावं लागतं."

मास्तर याच कारखान्यात लहानपणी जमिनीवरचे दोरे आणि टाचण्या वेचायला लागले. तेव्हाचे उस्ताद लाकडी पट्टी मापायला कमी आणि पोरांच्या पोटऱ्यांवर जास्त वापरायचे. पुढे मास्तर काज करू लागले, मग मशीनवर बसले आणि एक दिवस चौथऱ्यावर चढले. ते चढले कसे, हे इतकी वर्षं मला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक नाही अशी गोष्ट या इमारतीत क्वचितच सापडते, तेव्हा ते मनाला लागलंच होतं.

बायको गेल्यावर घरात ते आणि सून. मुलगा लांबच्या शहरात नोकरीला, फोनवर येतो आणि फोनवरच जातो. सून त्याच कारखान्यात दाराजवळच्या मशीनवर. घरी ती त्यांना बाबा म्हणते, कारखान्यात मास्तर, आणि दोन्हीकडे त्याहून जास्त काही म्हणत नाही. भिंत पातळ आहे, मी मुद्दाम कान लावत नाही, पण कान काही काढून ठेवता येत नाहीत. पलीकडून ऐकू यायचं ते एवढंच: "मीठ." "आणते." "झालं." "बरं." त्या घरात बोलणंही मापून कापलेलं, बाजूला चिंधीसुद्धा उरायची नाही.

तर या मास्तरांनी मध्यंतरी एक नवीनच टूम काढली. संध्याकाळी माझ्याकडे चहाला आले की म्हणायचे, "अर्धाच कप द्या, वहिनी."

मी म्हटलं, "का हो? चहाचं कापड कमी पडतंय का?"

"पित्त होतं."

मग बशी नको म्हणू लागले. मग कप दोन्ही हातांनी धरू लागले, भर उन्हाळ्यात, थंडी वाजल्यासारखा. मी त्यावरही विनोद केला. विनोद करून झाल्यावर कपाकडे नीट बघितलं. कपातल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. टेबल स्थिर होतं, जमीन स्थिर होती. मी विषय बदलला आणि त्या दिवसापासून त्यांना अर्धाच कप देऊ लागले, न मागता. माझ्यासारख्या बाईने एखादी गोष्ट बघून गप्प बसायचं म्हणजे अपचनच. पण बसले.

त्याच सुमारास कारखान्याच्या मालकांनी मोठं काम आणलं. गावात नाटकाचं नवं सभागृह बांधलं होतं, त्याच्या रंगमंचाचा पडदा. गडद लाल मखमल, छतापासून जमिनीपर्यंत. हे काम नीट झालं तर सभागृहाचं बाकीचं सगळं शिवण आपल्याकडे येईल, आणि बिघडलं तर बिघडवणारा टेबलावर राहणार नाही, असं मालक पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर बोलले. सगळ्यांसमोर बोलले म्हणजे मास्तरांकडे बघून बोलले.

मखमलीचं एक असतं. तिला लव असते, मांजराच्या पाठीला असते तशी. एका बाजूने हात फिरवला तर मऊ आणि उजळ, उलट फिरवला तर खरखरीत आणि काळपट. म्हणून पडद्याचे सगळे पट्टे एकाच दिशेने लव ठेवून कापावे लागतात. एक पट्टा कापायचा, कापड पुन्हा टेबलाच्या सुरुवातीला आणायचं, मग पुढचा कापायचा. दर पट्ट्याला कात्री नव्याने चालवायची. साधं सुती कापड असेल तर एवढा खटाटोप नसतो. तागा टेबलावर इकडून तिकडे, तिकडून इकडे दुमडत न्यायचा आणि सगळे थर दोन्ही टोकांना एकदम कापायचे. काम लवकर होतं. पण असं केलं की दर दुसरा पट्टा उलटा होतो.

मास्तरांनी मखमल सुतीसारखी दुमडायला लावली.

त्यांना लव कळत नव्हती असं नाही. ज्याचा हात हलतो त्याला कात्री जितक्या कमी वेळा चालवावी लागेल तितकं बरं वाटतं, आणि भीती डोक्यात शिरली की हातातलं ज्ञान खिडकीतून उडून जातं. कापडाचं दुसरं टोक सुनेच्या हातात होतं. तिने तळहाताखाली लव फिरलेली ओळखली. तिने वर बघितलं. वर कात्री उघडलेली होती.

मग पट्टे खाली आले. एकेका बाईने हातात घेतले, एकीने दुसरीकडे बघितलं, दुसरीने तिसरीकडे. काजवाली पुटपुटली म्हणे, "डिझाइन असेल." आणि सगळ्यांनी मिळून तो पडदा शिवला. सरळ पट्ट्याला उलटा पट्टा, उलट्याला सरळ. शिवण इतकी सुबक की दृष्ट लागावी.

दुपारी पडदा कारखान्यात आडव्या दांडीवर टांगला, तेव्हा ऊन त्याच्यावर पडलं आणि मला माझ्या खिडकीतून दिसलं. एक पट्टा डाळिंबाच्या दाण्यासारखा, शेजारचा सुकलेल्या जखमेसारखा, पुन्हा डाळिंब, पुन्हा जखम. मला वाटलं, हल्लीची फॅशन असेल. मी आपली भेंडी चिरत राहिले.

संध्याकाळी सून आलं मागायला आली. आल्याचा तुकडा हातात दिला तरी जाईना.

"काय गं?"

"काही नाही काकू."

"काही नाही म्हणायला कोणी दारात उभं राहत नाही. बस."

बसली आणि सगळं सांगितलं. सांगताना आल्याची साल नखाने सोलून संपवली. "परवा सभागृहात पडदा लावून दिवे टाकून बघणार आहेत. आत्ता बोलले तर सून असून सासऱ्याची चूक काढली. नाही बोलले तर परवा सगळं गाव बघेल आणि त्यांचं टेबल जाईल. त्यांना टेबलाशिवाय काहीच नाही हो, काकू. घरातसुद्धा ते डायनिंग टेबलाच्या कडेला उभे राहूनच वाचतात."

"बाकीच्या बाया?"

"त्या म्हणतात, तू घरातली आहेस, तू सांग. आणि घरात मी सांगितलं तर ते म्हणतील, तू कामावरची आहेस, तिथे का नाही बोललीस."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. फक्त इथे तोंड कोणी दाबलेलं नव्हतं. ज्याचं त्याने आपापलं दाबून धरलं होतं. मला एकदम धास्ती वाटली, त्या पडद्यापेक्षा त्या शांततेची. एवढ्या हुशार बायका, हातात एवढी कला, आणि चूक समोर दिसत असताना ती सुबक शिवतायत. अशा किती गोष्टी आपण सगळे मिळून सुबक शिवून ठेवल्या असतील, देव जाणे.

मी तिला म्हटलं, "तू जा. मला गप्प बसता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे माझ्यावर कोणी रागावत नाही."

थोड्या वेळाने मास्तर आले. अर्धा कप दिला. मी माझ्या चष्म्याची जुनी मखमली पेटी घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि तिच्यावरून बोट फिरवू लागले, एकदा सरळ, एकदा उलटं.

"भावजी, मांजर उलटं कुरवाळलं की ओरखडतं ना?"

ते कप टेबलावर ठेवायला गेले. ठेवताना तो टेबलावर तडतड वाजला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"काय झालं" असं त्यांनी विचारलं नाही. म्हणजे त्यांना आधीच कळलेलं होतं.

"उन्हात दिसलं मला दुपारी," ते म्हणाले. "त्या सगळ्यांना हाताखाली आधीच कळलं असणार. एक बोलली नाही. मी वाट बघितली. मुद्दाम टेबलाजवळ रेंगाळलो. घरी सुनेने पाणी आणून दिलं, मान खाली. मला ठाऊक आहे वहिनी, अशा शांततेचा अर्थ काय असतो ते."

"काय असतो?"

"आमच्या उस्तादांचं कापड चुकलं, तेव्हा मी खाली उभा होतो. मला दिसलं होतं. बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ते फाटकापाशी बसून हूक लावत होते आणि टेबलावर मी होतो." त्यांनी कपावर दोन्ही हात ठेवले, जणू तो उडून जाईल. "आता टेबलावर कोण उभं राहायचं ठरलंय, तेवढं सांगा. काजवाली? का आमच्या घरातच?"

मी आयुष्यात पुष्कळ बातम्या दिल्यात, पण इतकी जपून एकही दिलेली नाही. "भावजी," मी म्हटलं, "तुमच्या टेबलाची आस कोणालाच नाही. उंचीची भीती वाटते बायकांना. ती पोर माझ्या अख्ख्या आल्याची साल काढून गेली काळजीने. त्या गप्प आहेत, कारण तुम्ही त्यांना गप्प बसायला शिकवलंत. तुम्ही शिलाईसुद्धा अशी पक्की शिकवता की सहजी उसवत नाही."

त्यांनी खिडकीतून बंद कारखान्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हे काही फार गमतीचं नव्हतं, वहिनी."

"नव्हतंच. गंमत नेहमी जमत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाची किटली घेऊन कारखान्यात गेले. चहा वर जातो, त्याच्याबरोबर मीही गेले. मास्तर चौथऱ्यावर होते, पडदा टेबलावर पसरलेला. मालक अजून आले नव्हते. मास्तरांनी कात्री उचलली आणि सवयीने सगळी मशीन थांबली.

"दर दुसरा पट्टा उसवून उलटा फिरवायचा आहे," मास्तर म्हणाले. "मी चुकलो." मग घसा साफ केला. "आणि मशीन थांबवू नका. बोलत राहा. मी कापत असताना बोला."

अशी शांतता मी कधी ऐकलेली नाही. आधी निदान नियमाची शांतता होती. आता सगळ्यांची पाचावर धारण बसली. काय बोलायचं? बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी काजवाली उठून उभी राहिली, परीक्षेला उभी राहावी तशी, आणि म्हणाली, "मास्तर, तुमच्या शर्टाचं वरून दुसरं बटण लोंबतंय."

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच घाबरून थांबलं. मास्तरांनी खाली बघितलं. बटण खरंच लोंबत होतं. "कधीपासून?"

"पंधरवडा झाला असेल."

"मग बोलली का नाहीस?"

काजवालीने त्यांच्या हातातल्या कात्रीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं.

त्यांनी पहिल्या शिवणीत कात्रीचं टोक घातलं. टोक थरथरलं. मखमल एकदा टोचली गेली की व्रण राहतो, वाफ देऊनही नीट जात नाही. माझ्या हातातली किटली कलंडून चहा पायावर सांडला तरी मला कळलं नाही. तेवढ्यात दाराजवळचं मशीन सोडून सून सरळ टेबलापाशी गेली.

"बाबा," ती म्हणाली. कारखान्यात, सगळ्यांसमोर, बाबा. "हात हलतोय तुमचा. कुठे उसवायचं ते दाखवा, कात्री मी धरते."

मला वाटलं, संपलं. कात्री आपटणार आणि निघून जाणार, आणि उद्यापासून भिंतीपलीकडून "मीठ"सुद्धा ऐकू येणार नाही. त्यांनी कात्री आपटली नाही. ते म्हणाले, "इकडून नाही जमणार. तुझा हात पुरणार नाही." आणि खरंच नव्हता पुरत. मास्तरांच्या बाजूला चौथरा होता, त्यावर एकालाच उभं राहता येईल एवढी जागा. समोरून वाकावं तर टेबल रुंद. दोघांना एका बाजूला उभं राहायचं तर चौथरा काढायला हवा होता.

कारखान्यातल्या इस्त्रीवाल्याने आणि दोन बायकांनी मिळून तो ओढून भिंतीला लावला. मास्तर जमिनीवर उतरले. मास्तर किती बुटके आहेत ते कारखान्यात पहिल्यांदाच सगळ्यांच्या नजरेत भरलं. सुनेच्या खांद्यापर्यंतही पोचेनात. काजवालीच्या ओठांवर काहीतरी आलेलं मला दिसलं, ते तिने गिळलं. एका दिवसात सगळंच बोलून टाकायचं नसतं.

मग काम लागलं. मास्तर बोट ठेवायचे, सून उसवायची, एक बाई धाग्यांची टोकं ओढायची, इस्त्रीवाला मागून वाफ देऊन दबलेली लव उभी करायचा, आणि पट्टा फिरवून मशीनवर जायचा. कापड आता नुसतं वरून खाली येत नव्हतं, इकडून तिकडे फिरत होतं. आणि बोलणं म्हणाल तर, "अगं धर की", "धरलंय, तू सोड", "बाबा, इथे नाही, पुढे", "मास्तर, सावली पडते तुमची, सरका." मास्तर सरकत होते. मी उगाच थांबले होते, तर माझ्याही हातात एक टोक दिलं आणि घट्ट धरायला सांगितलं. घट्ट धरण्याची लायकी माझ्यात आहे हे मला नव्याने कळलं.

मालक आले आणि दारातच थबकले. "हे काय चाललंय? कोणाची चूक?"

"कापायची चूक माझी," मास्तर म्हणाले, नजर कापडावरच. "हात हलतो माझा, बरेच दिवस झाले. लपवत होतो. आणि ह्या सगळ्यांनी चूक बघितली आणि बोलल्या नाहीत, ती चूकही माझीच धरा. पण आत्ता वाटेत उभे राहू नका, ऊन अडतंय."

मालक वाटेतून बाजूला झाले. थोडा वेळ उभे राहून बघितलं. जाताना म्हणाले, "उद्या पडदा लागू दे. मग टेबलाचं बघू." ते वाक्य तसंच हवेत टांगलेलं राहिलं, आणि त्याच्याखाली सगळ्यांनी संध्याकाळपर्यंत काम केलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मला कोणी बोलावलं नव्हतं, म्हणूनच मी गेले. रिकाम्या खुर्च्या, वर दिवेवाला, पुढच्या रांगेत मालक. आम्ही सगळ्या मागे. मास्तर मधल्या वाटेत उभे, हात खिशात. पडदा अंधारात होता तोवर सगळ्यांचे श्वास ऐकू येत होते.

दिवेवाल्याने उजवीकडून सुरुवात केली. डाळिंब. पुढचा पट्टा, डाळिंब. त्याच्या पुढचाही. उजेड हळूहळू डावीकडे सरकत होता. मालकांचे खांदे जरा सैल झाले.

आणि मग, उजेड अजून डावीकडे पोचलाही नव्हता, तेव्हा मागून आवाज आला. सुनेचा नव्हे, काजवालीचाही नव्हे. जिचा आवाज मी खिडकीतून कधी ऐकलाच नव्हता, त्या धागे ओढणाऱ्या बाईचा. "मास्तर," ती म्हणाली, घाबरलेल्या पण स्वच्छ आवाजात, "डावीकडून दुसरा पट्टा फिरवायचा राहिलाय."

दिवा तिथे पोचला. राहिला होता. सगळ्या पडद्यात एकच काळपट पट्टा.

मालक वळून मास्तरांकडे बघू लागले. मास्तर त्यांच्याकडे बघत नव्हते. ते वळले होते त्या बाईकडे, आणि उस्तादांच्या त्या दिवसापासून पोटात धरून ठेवलेला कसलासा श्वास त्यांनी सोडला असं मला तरी वाटलं. त्यांनी खिशातून हात काढला. सगळ्यांसमोर, त्या दिव्यात, हलत असलेला. आणि त्याच हाताने पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"एकच आहे," ते म्हणाले. "चला, उतरवून घेऊ. शिडी कोण धरतंय?"

टेबलाचं काय ठरलं, हे अजून ठरलेलं नाही. मालक रोज येतात, बघतात, जातात. नवा कटिंग मास्तर शोधतायत असं कोणी म्हणतं, टेबल सुनेला देणार असं कोणी म्हणतं, आणि सून म्हणते, दोघांना देत असाल तर द्या. चौथरा अजून भिंतीला टेकून उभा आहे. त्याच्या फळ्या सरपणाला न्याव्यात असं मला फार वाटतं, पण हात लावायचा धीर होत नाही. पुन्हा कोणी तो ओढून टेबलामागे लावलाच तर, ही धाकधूक प्रत्येक सकाळी खिडकी उघडताना असते. अजून तरी लावलेला नाही.

काल भिंतीपलीकडून आवाज आला. "मीठ."

"कमी आहे का?" सून.

"नाही. तू वाढून घे, बस, मग सांग मला. मला हल्ली चव कळत नाही."

त्यानंतर बराच वेळ दोघं बोलत होते. काय ते मला नीट ऐकू आलं नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार आहे.